सोसायटीची कमिटी : बायकांच्या दोन जागा

(वस्त्या आणि वसाहतींमधल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन.)



या शिबिराची विषयपत्रिका हातात पडल्यावर काही जणींनी मला विचारलं, काल कौटुंबिक हिंसाचार, आज सकाळी आरोग्य, आणि आता एकदम सोसायटीची कमिटी? कमिटी म्हटलं की आपल्याला आठवतात पार्किंगची भांडणं, गळकी टाकी, मेन्टेनन्सची थकबाकी आणि नोटीस बोर्डावरचे कुणी न वाचलेले कागद. यात स्त्री-चळवळीचं काम ते काय, असं वाटणं साहजिक आहे. पण मी ज्या सल्ला केंद्रात काम करते, तिथे येणाऱ्या बऱ्याच तक्रारींमध्ये कुठे ना कुठे कमिटीचा उल्लेख येतोच. म्हणून हा विषय मी आयोजकांकडे मागून घेतला.

एकच उदाहरण देते. एका बाईचं नवऱ्याशी भांडण झालं आणि ती दोन दिवस माहेरी जाऊन राहिली. परत आली तर वॉचमनने तिला फाटकावरच अडवलं. "साहेबांनी सेक्रेटरींना सांगितलंय, मॅडमना आत सोडायचं नाही." त्या घरात ती बारा वर्षं राहिली होती. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा सांगतो, की घर कुणाच्याही नावावर असलं तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क तिला आहे. सेक्रेटरीला हे माहीत नव्हतं. वॉचमनला माहीत असतं तरी उपयोग नव्हता, कारण त्याचा पगार कमिटी देते. त्या रात्री ती बाई घरात गेली, ती कोर्टाच्या हुकमाने नाही. कमिटीवरची एक बाई जिना उतरून खाली आली आणि म्हणाली, "फाटक उघड. जबाबदारी माझी. मीटिंगमध्ये काय बोलायचं ते मी बोलेन." एवढंच घडलं. पण हे म्हणायला ती बाई कमिटीवर असावी लागते, आणि नुसती कागदावर असून चालत नाही. तिचा शब्द वॉचमनने ऐकावा इतकी ती खरोखर तिथे असावी लागते.

कमिटीवर माणसं कशी निवडली जातात, त्यात बायका कुठे गळतात आणि आपण त्यात काय करू शकतो, एवढंच आज मला बोलायचं आहे.

कमिटीच्या हातात काय असतं?

पाणी किती वाजता सोडायचं हे कमिटी ठरवते. सकाळी साडेपाचला पाणी सोडायचं ठरलं, तर साडेपाचला उठणार कोण, हे सांगायला नकोच. टँकर मागवायचा का, त्याचे पैसे सगळ्यांनी सारखे भरायचे का, हेही तिथेच ठरतं. घरकाम करणाऱ्या बायकांनी कोणती लिफ्ट वापरायची, त्यांच्या पिशव्या फाटकावर तपासायच्या का, कामाच्या मधल्या वेळात त्यांनी बसायचं कुठे, हे कमिटी ठरवते. एकट्या बाईला, घटस्फोटितेला, नोकरी करणाऱ्या दोन मुलींना, मुसलमान किंवा दलित कुटुंबाला घर भाड्याने द्यायला सोसायटीची 'हरकत' आहे, असा निरोप कमिटीकडूनच येतो. तो निरोप बहुतेक वेळा तोंडी असतो, कारण लिहून द्यायची हिंमत कुणाची नसते.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुनर्विकास. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधल्या जात आहेत. त्यासाठी शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कार्यपद्धती ठरवून दिली आहे. अंतिम निर्णय सर्वसाधारण सभेचा असतो हे खरं, पण बिल्डरशी रोजचं बोलणं, कागदपत्रं आणि वास्तुविशारदाच्या गाठीभेटी हे सगळं कमिटीच्या हातून होतं. इमारत रिकामी केल्यावर मिळणारं भाडं कुणाच्या खात्यात जमा होणार, नव्या घराच्या करारनाम्यावर कुणाकुणाची नावं लागणार, नवऱ्यापासून वेगळी राहणारी पण अजून त्याच घरात असलेली बाई कुठे जाणार, हे प्रश्न त्या खोलीत कुणीतरी काढावे लागतात. खोलीत अकरा पुरुष असले, तर ते निघत नाहीत. ते सगळे दुष्ट असतात म्हणून नव्हे. त्यांच्यावर ती वेळ कधी आलेलीच नसते.

नळाच्या रांगेतून ऑफिसच्या खोलीत

मुंबईच्या बायकांना सार्वजनिक प्रश्न नवे नाहीत. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्याबरोबर रस्त्यावर उतरलेल्या हजारो बायका चाळींतल्या आणि वस्त्यांतल्याच होत्या. त्यांच्या हातातल्या लाटण्यांवरून त्या मोर्चांना 'लाटणे मोर्चा' हे नाव पडलं. मृणालताईंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. रेशन, रॉकेल, पाणी, संडास हे प्रश्न बायकांनीच धसाला लावले. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्ही 'समुदाय संघटन' शिकलो, त्यातली बहुतेक उदाहरणं अशा वस्त्यांचीच होती.

मग वस्तीची इमारत झाली. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ मध्ये स्थापन झालं, आणि त्यानंतर कितीतरी वस्त्यांच्या जागी सात मजली, पुढे त्याहून उंच इमारती आल्या. नळ घरात आला ही मोठीच सोय झाली, त्याबद्दल कुणी नाक मुरडू नये. पण बायका ज्या रांगेत उभ्या राहून बोलत, मोर्चा ठरवत, एकमेकींच्या अंगावरचे वळ बघत, ती रांगही संपली. निर्णयाची जागा सोसायटीच्या ऑफिसात गेली. तिथे चार खुर्च्या, एक कपाट आणि रात्री साडेनऊची मीटिंग. पाण्यासाठी पालिकेवर मोर्चा नेणारी बाई आपल्याच इमारतीच्या पाण्याबद्दल बोलायला त्या ऑफिसच्या दारात बाहेर उभी राहते, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

मध्यमवर्गीय सोसायट्यांची गोष्ट थोडी वेगळी, पण शेवट तोच. सहकारी गृहरचनेची सुरुवात आपल्याकडे १९१५ साली मुंबईच्या गावदेवीत सारस्वत सोसायटीने झाली. तेव्हापासून 'आपली माणसं एकत्र राहतील' हा विचार सहकाराला चिकटून आहे. एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका सोसायटीच्या बाबतीत वैध ठरवला. आपली माणसं कोण, हे ठरवणारे मात्र पुरुषच राहिले.

कायदा काय म्हणतो

आता थोडा कायदा. कंटाळू नका, याचा उपयोग आहे.

सोसायट्या चालतात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे. ९७ वी घटनादुरुस्ती २०१२ च्या फेब्रुवारीत अमलात आली. तिच्यात सहकारी संस्थांच्या संचालक मंडळावर बायकांसाठी दोन जागा राखून ठेवण्याची तरतूद होती. त्याला अनुसरून आपल्या राज्याने २०१३ मध्ये आपला कायदा बदलला. पुढे २०२१ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की घटनेतला तो भाग राज्यातल्या सहकारी संस्थांना लागू होणार नाही, कारण राज्यांची मान्यता घेतली नव्हती. त्यानंतर काही सेक्रेटरी बायकांना सांगू लागले, "तुमचं आरक्षण कोर्टाने काढलं." हे खोटं आहे. आपल्या दोन जागा राज्याच्या कायद्यात आहेत आणि त्या तशाच आहेत.

आदर्श उपविधींप्रमाणे शंभरपर्यंत सभासद असलेल्या सोसायटीची कमिटी अकरा जणांची असते. त्यात दोन जागा बायकांच्या, एक अनुसूचित जाती-जमातींची, एक इतर मागासवर्गीयांची, एक भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाची आणि सहा सर्वसाधारण. मुदत पाच वर्षांची. या सहा जागांकडे नीट बघा. त्या 'पुरुषांच्या' नाहीत. तिथे कुणीही सभासद उभा राहू शकतो, बाईसुद्धा. पण 'बायकांच्या दोन' म्हटलं की 'बाकीच्या आमच्या' असं गृहीत धरलं जातं, आणि आपणही ते मानून घेतो.

राखीव जागांबद्दल आणखी एक. पुष्कळ सोसायट्यांत अनुसूचित जातींची जागा रिकामी राहते आणि कारण दिलं जातं, "आमच्याकडे त्या वर्गाचा सभासदच नाही." हे कारण खरंही असेल. पण शंभर घरांच्या इमारतीत एकही दलित कुटुंब का नाही, हा प्रश्न त्या रिकाम्या जागेने आपल्याला विचारायला हवा. बायकांच्या जागा मागताना आपण या प्रश्नाकडे पाठ फिरवली, तर आपली मागणी अर्धीच राहील.

मतदार यादी घरात तयार होते

आता कळीचा मुद्दा. सोसायटीत एक सभासद, एक मत. सभासद कोण? ज्याचं नाव भागदाखल्यावर म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर आहे तो. दाखल्यावर दोन नावं असली, तर मताचा हक्क पहिल्या नावाचा. पहिला हजर नसला, तरच दुसऱ्याचा. २०१९ च्या दुरुस्तीने हे भेद स्पष्ट केले आहेत. दाखल्यावर नाव असलेला पण पहिला नसलेला तो संयुक्त सभासद. दाखल्यावर नाव नसलेला, पण सभासदाच्या शिफारशीवरून घेतलेला घरचा माणूस तो सहयोगी सभासद. त्याला जे काही करता येतं, ते मूळ सभासदाने आधी दिलेल्या लेखी संमतीनेच. भाडेकरूला तर मतच नाही.

हे सगळं आपल्या बायकांना लावून बघा. बहुतेक घरांत पहिलं नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असतं. कर्जाचे हप्ते दोघांच्या पगारातून गेले, डाउन पेमेंटला तिच्या माहेरचे दागिने गेले, तरीसुद्धा. मग ती दुसऱ्या नावाची, नाही तर सहयोगी. म्हणजे राखीव जागेवर उभं राहायलाही तिला नवऱ्याची लेखी परवानगी हवी. ज्या जागा बायकांना स्वतंत्र आवाज मिळावा म्हणून ठेवल्या, त्यांचा रस्ता नवऱ्याच्या सहीवरून जातो. ज्या बाईचं नवऱ्याशी पटत नाही, तिला म्हणजे कमिटीची गरज जिला सगळ्यात जास्त आहे तिला, ती सही मिळत नाही.

विधवांचा प्रश्न आणखी निराळा. नवरा गेल्यावर नामनिर्देशनावरून तिला तात्पुरतं सभासद करतात. कायदेशीर वारसांचा निकाल लागून दाखल्यावर नाव चढेपर्यंत तिची स्थिती अधांतरी राहते. दीर आणि मुलगे 'करू सावकाश' म्हणतात. बाई मेन्टेनन्स भरत राहते.

म्हणून मी म्हणते, की कमिटीची निवडणूक सर्वसाधारण सभेत सुरू होत नाही. घर घेताना नोंदणी कार्यालयात नावांचा क्रम लिहिला जातो, तिथेच तिची मतदार यादी तयार होते.

या बाबतीत एक गंमत सांगण्यासारखी आहे. गरीब वस्त्यांसाठीचा नियम सुखवस्तू सोसायट्यांच्या पुढे आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे, की नवं घर झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार यांच्या संयुक्त मालकीचं राहील, आणि सोसायटीच्या दप्तरात, भागदाखल्यावरसुद्धा तशी नोंद असेल. केलेली नसली तरी ती आहे असंच मानलं जाईल. पुनर्वसन इमारतीत राहणाऱ्या किती जणींनी आपला भागदाखला पाहिला आहे? मघाशी मी हात वर करायला सांगितले, तेव्हा मोजकेच हात वर आले. दाखला कपाटात, कपाटाची किल्ली नवऱ्याकडे. तो बाहेर काढायला सांगणं ही पहिली पायरी.

दुसरीकडे, १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे काही घरं बायकांच्या नावावर होऊ लागली आहेत. हेतू पैसे वाचवण्याचा असेल, असू दे. घर तिच्या नावावर झालं, की ती पहिली आणि पूर्ण सभासद होते. तिच्या मताला कुणाची सही लागत नाही. हे तिला सांगणं आपलं काम आहे, कारण घरात तिला ते कुणी सांगणार नाही.

'वहिनी, फक्त सही करा'

आता निवड कशी होते ते बघू. २०१९ च्या दुरुस्तीपासून अडीचशेपर्यंत सभासदांच्या सोसायट्यांना आपली निवडणूक आपणच घेता येते. त्यामुळे नावं बहुतेक वेळा निवडणुकीच्या आधीच ठरलेली असतात. रात्री गाड्या लावताना चार जण बोलतात, एक जण यादी करतो, 'निवडणूक नको, बिनविरोध करू' असं ठरतं. अकरा नावं हवीत. नऊ जमतात. मग कुणीतरी म्हणतं, "बायकांच्या दोन राहिल्या. तुझ्या मिसेसचं टाक." फॉर्म घरी येतो. "वहिनी, फक्त सही करा, मीटिंगला यायची गरज नाही."

या सहीचा अर्थ वहिनींना कुणी समजावून सांगत नाही. कमिटीच्या निर्णयांना सगळे सदस्य मिळून आणि एकेकटेही जबाबदार असतात. एका सोसायटीत खजिनदार म्हणून एका बाईचं नाव होतं. कोऱ्या चेकवर ती सह्या करून देत असे, व्यवहार नवरा बघे. हिशोबात घोळ निघाला तेव्हा नोटीस तिच्या नावाने आली. चौकशीत ती म्हणाली, "मला काहीच माहीत नाही." ते खरंच होतं, पण त्याने तिची सुटका झाली नाही. अधिकार त्याचा आणि जोखीम तिची, असा हा व्यवहार आहे. संसारात आपण तो ओळखतो, कमिटीत तो ओळखायला शिकायला हवं.

आणि हेही लक्षात ठेवा, सोसायटीच्या सभेला सभासदाच्या वतीने प्रतिनिधी किंवा कुलमुखत्यार चालत नाही. मग कमिटीच्या बैठकीत बायकोच्या खुर्चीवर नवरा बसतो तो कोणत्या नियमाने? हा प्रश्न एकदा मोठ्याने विचारून बघा. ग्रामपंचायतीत असे 'सरपंच-पती' निघाले, तेव्हा बायकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं शिबिरं घेतली, सरपंच बायकांना कायदा शिकवला, खुर्चीत बसायचं बळ दिलं. शहरातल्या सोसायट्यांकडे मात्र आपण कुणी फिरकलो नाही.

बाई आली म्हणजे झालं का?

इथे एक सावधगिरीची सूचना. कमिटीवर बाई आली म्हणजे न्याय आला, असं होत नाही. भाड्याने राहणाऱ्या मुलींकडे रात्री कोण येतं याची वही ठेवायला लावणाऱ्या, मोलकरणींना लिफ्ट बंद करणाऱ्या, 'असल्या बायका आपल्या सोसायटीत नकोत' म्हणणाऱ्या बायकाही कमिटीवर असतात. काही वेळा असे नियम बायकांच्या तोंडून वदवून घेतले जातात, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही. आपल्याला दोन साड्या मोजायच्या नाहीत. जो कुणी उभा राहील, मग तो बाई असो वा पुरुष, त्याला आपण काही प्रश्न विचारले पाहिजेत. मी जे विचारायला सांगते ते असे :

तुमची स्वतःची थकबाकी आहे का? गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल तुम्ही वाचलात का, आणि त्यातल्या कोणत्या शेऱ्यावर काम करणार?

बैठका कधी घेणार? स्वयंपाकाच्या वेळी घेणार असाल, तर बायका कशा येणार?

एकटी बाई किंवा दुसऱ्या धर्माचं कुटुंब भाड्याने घर मागायला आलं, तर काय सांगाल?

शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला, तर तो 'त्यांचा खासगी प्रश्न' म्हणाल का? २००५ च्या कायद्याप्रमाणे अशी माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने दिली तर माहिती देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का?

वॉचमन, सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायका यांच्यासाठी संडास आणि पिण्याचं पाणी आहे का? ते वापरू देता का?

पुनर्विकास आला तर बिल्डरशी झालेलं बोलणं लेखी मांडाल का?

या प्रश्नांची उत्तरं भर सभेत द्यावी लागली, की 'बिनविरोध'मधली निम्मी जादू उतरते. आणि प्रश्न विचारणारी बाई लोकांच्या नजरेत येते. पुढच्या खेपेला नाव सुचवताना ती आठवते.

आपण काय करायचं?

महिला मंडळं म्हणून आपल्याला जमण्यासारख्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, कागद बघायचे. उपविधी, ताळेबंद, सभासदांची यादी आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं बघण्याचा सभासदाला कायद्याने हक्क आहे. सभासदांची नोंद 'आय' आणि 'जे' नमुन्यात असते. इमारतीतल्या किती बायका पहिल्या नावाच्या, किती दुसऱ्या नावाच्या, किती विधवांची नोंद लटकलेली आहे, याची वही मंडळाने करावी. एका इमारतीला दोन रविवार पुरतात.

दुसरी गोष्ट, मतदार यादी जाहीर होते तेव्हा हरकतींसाठी मुदत असते. बायकांच्या नावांतल्या चुका, वगळलेली नावं तेव्हाच पकडायची. निवडणुकीच्या दिवशी भांडून उपयोग नसतो.

तिसरी गोष्ट, एकटीला उभं करायचं नाही. फॉर्मला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. दोघीही बायकाच असाव्यात असा आग्रह धरा. दोन राखीव जागांसाठी दोघी, आणि सर्वसाधारण जागेवर किमान एक. पडली तरी चालेल. बाई सर्वसाधारण जागेवर उभी राहू शकते, हे तरी सगळ्यांना दिसेल.

चौथी गोष्ट, निवडून आल्यावर तिला सोडून द्यायचं नाही. प्रत्येक बैठकीच्या आदल्या दिवशी जिन्यात, गच्चीवर, कुणाच्या घरी, कुठेही पंधरा मिनिटं बसा. विषय वाचा. काय बोलायचं ते ठरवा. बैठकीत विरोध केला असेल तर तो इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा, आणि पुढच्या बैठकीत लिहिलाय का ते वाचून मगच सही करा. जबाबदारी सगळ्यांची असल्यामुळे न पटलेला निर्णय नोंदवून ठेवणं हे तिचं संरक्षण आहे.

पाचवी गोष्ट, ज्यांना मत नाही त्यांना विसरायचं नाही. भाडेकरू बायका, घरकामगार, वॉचमनच्या घरची माणसं यांच्यासाठी कमिटीतल्या आपल्या बाईने महिन्यातून एकदा अर्धा तास ठेवावा. आपल्याला मत नव्हतं तेव्हा आपल्यासाठी कुणी बोलावं असं आपल्याला वाटत होतंच की.

यावर उत्तरं काय येतात तेही मला माहीत आहे. "वेळ कुठे आहे?" खरं आहे, नाही. नोकरी, घर, मुलं, म्हातारी माणसं. म्हणूनच मी बैठकीची वेळ बदलून घ्यायला सांगते, आणि कामं दोघी-तिघींत वाटून घ्यायला सांगते. "शेजाऱ्यांशी वाईटपणा कशाला?" हाही खरा प्रश्न आहे. उद्या रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला तोच शेजारी येणार असतो. पण आपण गप्प बसून जो चांगुलपणा विकत घेतो, त्याची किंमत बहुतेक वेळा दुसरीच कुणी बाई मोजत असते. वाईटपणा न घेता, हसून, कागद हातात ठेवून प्रश्न विचारता येतो. बायकांना हे चांगलं जमतं. रेशन दुकानदारासमोर आपण ते करत आलोच आहोत.

आणि एकट्या राहणाऱ्या बायका म्हणतात, "मी तोंड उघडलं तर माझ्यामागेच लागतील." ही भीती पोकळ नाही. तिचं पार्किंग काढून घेतलं जातं, तिच्या घरी येणाऱ्यांची चर्चा होते, दुरुस्तीचे तिचे अर्ज पडून राहतात. म्हणून तर तिला एकटीला पुढे करायचं नाही. प्रश्न तिचा असला, तरी तो विचारायला नवरा, मुलं, सगळा संसार असलेल्या, ज्यांच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही अशा दोघींनी उठावं. ती एकटी पडली नाही, तर पुढच्या वर्षी ती स्वतःच बोलेल.

दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रत्येक सोसायटीला वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिला अजून वेळ आहे. इथून घरी गेल्यावर प्रत्येकीने तीन कागद काढायचे : आपला भागदाखला, सोसायटीचे उपविधी आणि गेल्या सभेचं इतिवृत्त. दाखल्यावर आपलं नाव कितवं आहे ते बघा. इतिवृत्तात कमिटीच्या किती बायकांचं बोलणं नोंदलेलं आहे ते मोजा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना तो आकडा घेऊन या. आपण तो फळ्यावर लिहू आणि तिथून कामाला लागू.